वजनकाका पाला तपासतात

वजनकाकांचा पहिला संशय डॉक्टरवर होता, दुसरा यंत्रावर आणि तिसरा कारल्यावर.

डॉक्टरवर संशय घेणारे पुष्कळ असतात, यंत्रावर घेणारेही असतात. पण कारल्यावर संशय घेणारा माणूस त्या इमारतीने पहिल्यांदाच पाहिला. कारलं कडू असतं आणि तेवढ्या भांडवलावर ते जगात सज्जन म्हणून वावरतं. काकांना हे मान्य नव्हतं. "कडूपणा हा काही पुरावा नव्हे," ते म्हणायचे. "आमच्या खात्यात माझे दोन साहेब कमालीचे कडू होते. कुणाला गुण आल्याचं ऐकिवात नाही."

खातं म्हणजे वजनमापांचं. तिथे काकांनी तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरून लाखेने भरलेलं वजन, बूड आत ढकललेलं तेलाचं माप, असल्या गोष्टी हुडकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे माणूस निवृत्त झाला. संशयाला मात्र मुदतवाढ मिळाली. दूधवाल्याचं माप, घड्याळाचा काटा, हवामानखात्याचा अंदाज, लिफ्टमधली 'सहा माणसे' ही पाटी, सगळं त्यांच्या चौकशीखाली असे. शेजारपाजारचे त्यांना 'वजनकाका' म्हणत, आणि आपल्या घरातला तराजू ते आले की कपाटात ठेवत.

अशा माणसाला डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. नऊ पूर्णांक एक.

"ही तुमच्या रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चालू ठेवा, खाणं सांभाळा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आठच्या आत आली तर उत्तम. नाही आली, तर इन्सुलिन सुरू करू. सुई अगदी केसाएवढी असते हो, कळतही नाही."

केसाएवढी म्हणजे नेमकी किती, हे काकांनी विचारलं नाही. काकांनी न विचारलेला हा बहुधा आयुष्यातला पहिला प्रश्न. काकू शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

काका सुईला घाबरतात हे जगात फक्त काकूंना माहीत होतं. ऑफिसात लसीचं शिबिर लागलं की त्याच दिवशी काकांना जिल्ह्याच्या टोकाच्या एखाद्या दुकानावर अचानक धाड घालायची गरज वाटे. ज्यांच्यावर त्या धाडी पडल्या, त्यांना आपण कशापायी सापडलो हे कधी कळलं नाही. पण गोष्ट निव्वळ टोचण्याची नव्हती. काकांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन लागलं आणि दोन वर्षांत भाऊ गेला. भाऊ सुईमुळे गेला नव्हता, सुई उशिरा लागली म्हणून गेला, हे काकूंनी कैक वेळा समजावलं होतं. काका मान डोलवत. पण मनात त्यांनी सुईपुढे एक रेघ मारून ठेवली होती, आणि रेघेपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा सुई टाळायची होती. हातात तीन महिने होते.

बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली. मधुमेहाचं असं आहे की तो झालेल्या माणसापेक्षा न झालेल्यांना त्यातलं जास्त कळतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका सदाफुलीची फुलं घेऊन खाली आल्या. "रोज पाच, अनशापोटी," त्या म्हणाल्या. प्रश्न विचारायला त्यांनी हात वर करण्याची सवलतही ठेवली नाही. समोरच्या दारातले पोस्टमास्तर मेथीदाणे भिजवलेलं पाणी घेऊन आले.

"माझ्या मेव्हण्याची साखर तीनशेवरून नव्वदवर आली," पोस्टमास्तर म्हणाले.

"कुठे असतात मेव्हणे? बोलायचं होतं त्यांच्याशी."

"मागच्या वर्षी गेले."

"कशाने?"

"जिन्यावरून पडले हो! साखर शेवटपर्यंत नव्वद होती."

काकांनी ते पाणी ठेवून घेतलं, आणि मेव्हण्याच्या मृत्यूचीही मनाशी नोंद केली.

दुसरा कुणी असता तर त्याने सगळा पाला एकत्र वाटून नाक दाबून गिळला असता. काकांचा पिंडच वेगळा. "एकत्र घेतलं तर श्रेय कुणाला द्यायचं?" त्यांनी काकूंना विचारलं. "उद्या साखर उतरली तर सगळे येऊन म्हणतील, माझ्यामुळे. मी एकेकाला सोलून काढणार. प्रत्येकाला पंधरा दिवस. कारलं, मेथी, सदाफुली, गुडमार, जांभळाच्या बियांची पूड. रोज सकाळी मोजमाप. जो उतरवेल तो पास. त्याच्यावर मी शिक्का मारीन."

"आणि कुणीच नाही उतरवली तर?" काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

मोजमापासाठी यंत्र आणलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, पाच सेकंदांत आकडा. पहिल्याच सकाळी पेच पडला. बोटाला टोचायचं कुणी? काकांनी छताकडे पाहत बोट पुढे केलं, काकूंनी टोचलं, काकांनी 'हाय' म्हटलं ते टोचण्याच्या आधी. आकडा आला दोनशे चौदा.

"यंत्र खोटं आहे," काका म्हणाले.

"डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतही दोनशे दहा आली होती."

"तेच तर! दोघांचा आकडा इतका जुळतो कसा?"

यंत्राबरोबर एक छोटी बाटली आली होती. तिच्यातला थेंब पट्टीवर घालायचा आणि बाटलीवर छापलेला आकडा येतो का ते पाहायचं. आला तर यंत्र बरोबर. काकांनी ती बाटली उजेडाकडे धरली आणि मोठ्याने हसले. तेहतीस वर्षांत प्रत्येक लबाड दुकानदाराने त्यांना हेच सांगितलं होतं, साहेब, माझ्याच वजनाने माझाच तराजू तपासा की! बाटली त्यांनी खिडकीत ठेवून दिली. तराजू तपासायचा तर परक्या, खात्रीच्या, प्रमाण वजनाने. खात्यात त्यासाठी पितळी वजनांची पेटी असे, आतून मखमल लावलेली. बोटांचा घाम लागू नये म्हणून वजन चिमट्याने उचलायचं. आता घरात प्रमाण वजन कुठून आणायचं?

काकू पालेभाजी निवडत बसल्या होत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात काकू कधी आजारी पडल्या नव्हत्या. निदान काकांना तसं कधी कळवण्यात आलं नव्हतं. डोकं दुखलं तर त्या ओट्याशी उभ्या उभ्या कपाळाला बाम लावत आणि पोळ्या लाटत.

"अगं, बोट दे," काका म्हणाले.

स्वतःच्या बोटापुढे छत पाहणाऱ्या काकांनी बायकोच्या बोटाला मात्र सराईतपणे टोचलं. आकडा आला एकशे बत्तीस.

"बघ!" काका विजयाने म्हणाले. "निरोगी माणसाची उपाशीपोटी नव्वद असते, कागदावर छापलंय. तुझी दाखवतंय एकशे बत्तीस. म्हणजे यंत्र बेचाळीसने जास्त मोजतं. माझी खरी साखर दोनशे चौदा नाहीच. दोनशे चौदा वजा बेचाळीस, एकशे बहात्तर."

तपासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, एक पानही न खाता, काकांनी बेचाळीस आकडे उतरवले होते.

स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता लागला. तारीख, वनस्पती, प्रमाण (म्हणजे काकू), नमुना (म्हणजे काका), दुरुस्ती आणि निव्वळ. रोज सकाळी आधी प्रमाण, मग नमुना. काकू वर्तमानपत्र वाचता वाचता डावा हात पुढे करत आणि पानही न उलटता मागे घेत. "तुम्हाला पाला, मला भोकं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

कारल्याचा पंधरवडा गेला. निव्वळ आकडा जरा उतरला. मेथीचा गेला, आणखी जरा उतरला. काका खूश व्हायला हवे होते, पण त्यांना संशय आला तो दुकानदारावर. जांभळाच्या बियांची पूड बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणली होती, पुडीवर शंभर ग्रॅम लिहिलं होतं, घरच्या काट्यावर भरली चौऱ्याण्णव. काका पुडी घेऊन तडक दुकानात गेले. जडीबुटीवाला गल्ल्यामागून शांतपणे म्हणाला, "सहा ग्रॅम ओल होती, काका, सुकली."

"बंद पुडीत?"

"औषधी आहे, काका. तिचा गुण उडतो, तिथे वजनाचं काय घेऊन बसलात?"

गुण उडतो म्हटल्यावर राहिलेल्या पुडीत नक्की काय आहे हा प्रश्न आलाच. काका सगळ्या पाल्यांचे नमुने घेऊन सरकारी प्रयोगशाळेत गेले. पहिल्या खिडकीवर एक बाई होत्या.

"अन्न की औषध?"

"तेच तर तपासायचंय, ताई."

"ते आधी ठरल्याशिवाय तपासता येत नाही. अन्न असेल तर दोन नंबर, औषध असेल तर चार नंबर."

दोन नंबरने पाला हुंगून "हे कोण खाईल?" असं म्हणून चारला पाठवलं. चारने कंपनीचा परवाना मागितला. परवाना नाही म्हटल्यावर, "मग विकता कसं?" म्हणून काकांकडेच संशयाने पाहिलं. साऱ्या हयातीत लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर पहिल्यांदा समोरून येताना काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी कोपऱ्यातल्या एका दयाळू कारकुनाने मार्ग काढला. 'पाला' हा शब्द छापलेला एकच अर्ज कचेरीत होता, पशुखाद्याचा. काकांनी तो भरला. जनावराचे वय, त्रेसष्ट. दूध देते काय, लागू नाही. स्वभाव, इथे ते थोडा वेळ थांबले आणि 'सावध' असं लिहिलं.

तीन आठवड्यांनी पोस्टाने अहवाल आला. 'नमुना पाल्याचा असून सुकलेला आहे. जनावरास देण्यास हरकत नाही.'

"चला," काकू म्हणाल्या, "सरकारची परवानगी मिळाली." आणि त्या इतक्या हसल्या की दम लागून खुर्चीवर बसल्या. हल्ली त्यांना दम लवकर लागत असे. रोजचा पाला वाटायचा, गाळायचा, उरलेला चोथा कुंड्यांत घालायचा, काय थोडी कामं होती? तहानही फार लागे. काकांच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. टेबलावरच्या जगातलं पाणी सकाळपर्यंत तळाला गेलेलं असतं हे त्यांनी टिपलं होतं. त्यांनी जगावर पेन्सिलीने रेघ मारली, दोन दिवस पाळत ठेवली आणि जग गळका आहे असा निष्कर्ष काढून नवा जग आणला. नवाही गळका निघाला. कारखान्याला पत्र गेलं.

सदाफुली तिसऱ्याच दिवशी बाद झाली. काकांना अशा उलट्या सुरू झाल्या की शेवटी डॉक्टरांना फोन करावा लागला. डॉक्टर म्हणाले ती विषारी असते, कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी सांगितलं ते काकू वर जाऊन मुख्याध्यापिकांना सांगून आल्या. मुख्याध्यापिकांनी म्हटलं, "फुलं खायला सांगितली होती. विश्वासाने खाल्ली नसतील."

मग गुडमार आली. तिची वेल पोस्टमास्तरांच्या बाल्कनीत होती. पोस्टमास्तरांनी मेव्हण्याची शपथ घालून पानं दिली. चावून खायची, बाकी काही नाही. आता गुडमारीचा एक गुण सगळ्या जाणत्यांना माहीत आहे. पान चावलं की तास दीड तास जिभेला गोड कळत नाही. साखर तोंडात टाकली तर वाळू लागते. हे जाणत्यांना माहीत आहे. पोस्टमास्तरांना माहीत नव्हतं आणि काकांनी विचारलं नव्हतं.

काकांनी पान चावलं. पंधरा मिनिटांनी, काकू न्हाणीघरात असताना, त्यांनी साखरेच्या डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. का ठेवली, यावर आपण फार खोलात जायला नको. काका पुढे ठामपणे म्हणाले की तो प्रयोगाचा भाग होता, आणि तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता एवढंच. साखर वाळूसारखी लागली. आणखी चिमूट. वाळू. काकांच्या अंगातला निरीक्षक खडबडून उठला. भेसळ!

ती साखर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडची. वीस वर्षांपूर्वी काकांनी त्याचं एक पोकळ वजन पकडलं होतं, तेव्हापासून दोघांत नमस्कार होता पण संबंध नव्हते. काका डबाच उचलून दुकानात गेले. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती, म्हणजे पंचांची सोय झाली.

"ही साखर गोड नाही," काकांनी डबा गल्ल्यावर आपटला.

किराणावाल्याने चिमूट घेतली. "गोड आहे, साहेब."

"तू म्हणणारच. यांना दे."

सगळ्यांनी चिमूट चिमूट घेतली. एका आजोबांनी दोनदा घेतली. सगळे म्हणाले गोड आहे. काकांनी पुन्हा घेतली. वाळू.

किराणावाल्याने हात झटकले, डब्याचं झाकण हळूच लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या काळजीने विचारलं, "पण साहेब, तुम्हाला साखर चालत नाही ना?"

सगळी गिऱ्हाइकं काकांकडे वळली. वीस वर्षांपूर्वी पोकळ वजन हातात धरून काका असेच उभे राहिले होते आणि किराणावाला असाच समोर गप्प होता. आता बाजू बदलल्या होत्या. काकांनी डबा उचलला आणि "प्रकरण वर नेतो" असं म्हणून ते निघाले. वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, आपल्या घरी. त्यांच्याआधी बातमी पोचली होती.

काकू दारात उभ्या होत्या. "चिमूट किती मोठी होती?"

"वजनाने सांगू की मापाने?" काकांनी विचारून पाहिलं. कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून साखरेचा डबा काकूंच्या ताब्यात गेला. त्यांच्या स्वतःच्या चहात दोन चमचे पडत, तेवढाच त्याचा वापर उरला.

पण दारामागचा तक्ता मात्र उतरतच होता. गुडमारीच्या पंधरवड्यात निव्वळ आकडा एकशे छत्तीसवर आला, जांभळाच्या बियांनी एकशे पंचवीसवर आणला. काकांनी हिरव्या शाईने वाटे काढले. कारल्याला बारा गुण, मेथीला नऊ, गुडमारीला पंधरा. इमारतीत तक्त्याची कीर्ती झाली. मुख्याध्यापिका येऊन तो पाहून गेल्या आणि म्हणाल्या, रेघा सरळ आहेत. पोस्टमास्तरांची वेल ओरबाडून ओरबाडून लोकांनी नुसती देठावर आणली. काकांची छाती दोन इंच फुगली, टेपने मोजली.

एक गोष्ट त्यांना खटकत होती. यंत्र दिवसेंदिवस बिघडत चाललं होतं. पहिल्या दिवशी बेचाळीसने चुकत होतं, ते साठने चुकायला लागलं, मग ऐंशीने, आता शहाण्णवने. काकूंचा आकडा एकशे शहाऐंशी! "स्प्रिंग सैल पडली असणार," काका म्हणाले. यंत्रात स्प्रिंग नव्हती. "बरं झालं मी रोज दुरुस्ती करत होतो. नाही तर या यंत्राने मला केव्हाच सुईला लावलं असतं."

"मला हल्ली फार थकायला होतं हो," काकू म्हणाल्या.

"उद्या एकदा रिपोर्ट मिळाला की पाला बंद. मग विश्रांती घे," काका म्हणाले, आणि ते मायेनेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून दोघं दवाखान्यात गेले. रक्त आदल्या दिवशीच दिलं होतं. काकांनी तक्त्याची गुंडाळी काखेत धरली होती, आणि खिशात गुडमारीची चार पानं, डॉक्टरांना दाखवायला.

डॉक्टरांनी कागद उलटा करून टेबलावर सरकवला. नऊ पूर्णांक चार.

काकांनी कागदावरचं नाव वाचलं. वय वाचलं. तारीख वाचली. सगळं बरोबर होतं, तेव्हा ते म्हणाले, "तुमची प्रयोगशाळा कुणाकडून तपासून घेता?" आणि त्यांनी तक्ता उलगडला. डॉक्टरांच्या पेनाचा स्टँड एका कोपऱ्यावर, रक्तदाबाचं यंत्र दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवलं. एकशे बहात्तरवरून एकशे पंचवीस. हिरवी रेघ पायऱ्या उतरल्यासारखी खाली आली होती.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हा दुरुस्तीचा रकाना कसला?"

काकांनी समजावून सांगितलं. यंत्राची अप्रामाणिक बाटली, परकं वजन, प्रमाण. सांगताना त्यांचा आवाज खात्यातला झाला. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचं बोट दुसऱ्याच रकान्यावरून खाली चाललं होतं. एकशे बत्तीस. एकशे एक्केचाळीस. एकशे अठ्ठावन्न. एकशे शहाऐंशी.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "तहान फार लागते का?"

"लागते," काकू म्हणाल्या. "आमचे जग गळतात."

"थकवा?"

"हे बघा, पाला वाटायचा म्हणजे..."

"तुमची साखर याआधी कधी तपासली होती?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे. "हिला कधी काही झालंच नाही," काका म्हणाले, पण मधेच त्यांचा आवाज बारीक झाला.

प्रयोगशाळा त्याच इमारतीत खाली होती. तासाभरात आकडा मिळणार होता. तो तास दोघं बाकावर बसले. समोर भिंतीला पाण्याचं यंत्र होतं. काकू उठून दोन पेले पाणी पिऊन आल्या, थोड्या वेळाने आणखी एक. काका बघत राहिले. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांना एक नियम घोकून दाखवला होता. दुकानातलं वजन वर्षातून एकदा तपासायचं, आणि प्रमाण वजनसुद्धा ठरल्या मुदतीला वरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. पितळ झिजतं, वापरणाऱ्याला कळत नाही. पेटी पाठवायची राहिली म्हणून त्यांनी एकदा एका सहकाऱ्याच्या पगारवाढीवर टाच आणली होती. आणि घरातलं प्रमाण त्यांनी बत्तीस वर्षांत एकदाही पाठवलं नव्हतं. रोज आकडा आपल्या हाताने लिहिला, आणि रोज तो स्वतःच्या आकड्यातून वजा करून खूश झालो. आपली रेघ उतरत होती ती हिची चढत होती म्हणून.

"किती टोचलं असेल मी तुला," ते म्हणाले. "नव्वद वेळा."

"शहाऐंशी," काकू म्हणाल्या. "चार दिवस तुम्ही उलट्यांमुळे झोपून होतात."

काकूंचा आकडा आला आठ पूर्णांक तीन.

डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही, वेळेवर कळलं. काकूंना गोळी. काकांना, ठरल्याप्रमाणे, इन्सुलिन. नर्सने छोट्या ट्रेमध्ये दोन्ही आणून ठेवलं, एका पट्टीत गोळ्या आणि शेजारी निळ्या टोपणाचं इन्सुलिनचं पेन.

काका पेनाकडे पाहत होते. काकू गोळ्यांकडे पाहत होत्या. मग त्यांनी पट्टी हळूच परत सरकवली.

"मी नाही घेणार," त्या म्हणाल्या. "मीही पाला तपासीन."

"काय?"

"एकेक वनस्पती, पंधरा पंधरा दिवस. आता प्रमाण तुम्ही. बोट द्यायचं रोज."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"का? तुम्ही खाल्लात तो पाला नव्हता? पाससुद्धा केलात. गुडमारीला पंधरा गुण."

"तो पाला काही करत नाही! आत्ताच बघितलंस ना, नऊ पूर्णांक चारावर गेलो मी!"

"विश्वासाने खाल्ला नसेल," काकू म्हणाल्या.

बनावट बुडाचं माप काका दहा पावलांवरून ओळखत. पण बायको हे खरं बोलते आहे की खोटं, हे त्यांना समजेना. काकूंचा चेहरा सरळ होता. नर्स एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होती. मग डॉक्टरांनी आणि काकूंनी आजवर जे जे सांगितलं होतं ते सगळं काकांच्या तोंडून धडाधड बाहेर पडलं. गोळी काही शत्रू नाही. उशीर केला की डोळे जातात, पाय जातात. घाबरून टाळणं हा शहाणपणा नव्हे. दादाचं काय झालं तुला माहीत नाही का? तो सुईने नाही गेला, तो उशिरामुळे गेला, तूच सांगायचीस ना मला!

डॉक्टरांनी खाली बघून काहीतरी लिहायला घेतलं. कागद कोरा होता.

"तुम्हाला पटलं होय ते?" काकूंनी विचारलं.

काकांनी शर्टाची खालची दोन बटणं काढली, पोटाची एक वळी चिमटीत धरली आणि नर्सला म्हणाले, "टोच, बाई." डोळे त्यांनी छताकडे लावले. छताला पंखा होता. पंख्याची पाती तीन होती. दुसऱ्यांदा मोजली तरी तीनच भरली.

"टोच ना."

"झालं, काका."

"काय झालं?"

"टोचून झालं. शर्ट खाली घ्या."

काकांनी पोटाकडे पाहिलं. रक्त नाही, डाग नाही, दुखलं तर मुळीच नाही. त्यांचे डोळे बारीक झाले. "मला काहीच कळलं नाही. पेन भरलेलं होतं का? दाखव."

"भरलेलं होतं हो," काकू म्हणाल्या. "मी पाहिलं, सुई आत जाताना."

"तू बोलूच नकोस. तुझ्या भरवशावर तीन महिने बुडलो मी." त्यांनी पेन हातात घेतलं, आकड्याची चकती शून्यावर परत आलेली पाहिली, उजेडाकडे धरून आतल्या द्रवाची पातळी पाहिली, आणि नाइलाजाने ते परत दिलं. मग ते काकूंकडे वळले.

"आता तू."

काकूंनी पट्टीतली एक गोळी काढली, तोंडात टाकली, नर्सने दिलेल्या पाण्याचा घोट घेतला. "गिळली," त्या म्हणाल्या.

"आ कर."

"अहो, लोक बघताहेत."

"बघू देत. आ कर."

काकूंनी हसू दाबत तोंड उघडलं. काका खुर्चीवरून उठले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाकून आधी डावा गाल पाहिला, मग उजवा. नर्सच्या हातातली बॅटरी मागून घेतली. दाराबाहेर पुढचा पेशंट खोकला, डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं; काकांनी कशाचीच घाई केली नाही.

"जीभ उचल," ते म्हणाले.